पाठपुरावा यंत्राकडे सोपवण्याआधी: देणं कोणाचं, ते ठरवा

पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो: "मुलाखतीसाठी मेल पाठवले, कुणी उत्तरच देत नाही. पुन्हा किती वेळा पाठवायचे? आणि हे आपोआप होईल असं काही करता येतं का?"

करता येतं. एका दुपारचं काम आहे. पण मी ते केलं तेव्हा काय झालं, ते आधी सांगतो.

माझं क्षेत्रकार्य पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धी आणि आजूबाजूच्या गावांत चालतं. विषय पाणलोटाची कामं आणि त्यांच्या नोंदी. मुलाखती दिलेल्या मंडळींची यादी मी गुगल शीटमध्ये ठेवली होती. टाइप केलेली मुलाखत त्यांना तपासायला पाठवायची, आणि उत्तर आलं नाही तर दर पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र आपोआप जाईल, अशी सोय करून ठेवली होती. त्या यादीत एक निवृत्त शिक्षक होते. "आदरणीय गुरुजी, आपल्या सोयीने मजकूर पाहून कळवावे" असं तिसरं पत्र गेलं आणि उत्तर आलं. उत्तर त्यांच्या मुलाचं होतं. वडील जाऊन दीड महिना झाला, तुम्हाला फोनवर कळवलं होतं, ही पत्रं आता थांबवा, एवढंच.

फोन आला होता, हे खरंच. मी ते डायरीत लिहिलंही होतं. शीटमध्ये लिहिलं नव्हतं. यंत्र शीट वाचतं, डायरी वाचत नाही.

म्हणून हा लेख. बटणं कुठली दाबायची, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्याआधी काय ठरवायचं, ते इथे बघू.

विक्रीवाल्यांची पद्धत आपल्याकडे कशी आली

विक्रीच्या धंद्यात दोन याद्या असतात. ज्यांच्याशी ओळख नाही, पण जे गिऱ्हाईक होऊ शकतात, ते 'कोल्ड लीड'. ज्यांनी पूर्वी खरेदी केली आहे, ते जुने ग्राहक. दोघांनाही ठरावीक दिवसांनी मेल जात राहावेत म्हणून सॉफ्टवेअर असतं. पहिला मेल, तीन दिवसांनी दुसरा, आठवड्याने तिसरा. उत्तर आलं की साखळी थांबते.

संशोधकाकडेही वरवर पाहता ह्याच दोन याद्या असतात. एका यादीत अनोळखी अधिकारी, निवृत्त अभियंते, प्राध्यापक, संस्थांचे कार्यकर्ते. दुसरीत मुलाखत देऊन मोकळे झालेले लोक. त्यामुळे तेच सॉफ्टवेअर उचलावं असा मोह होतो. मलाही झाला.

गडबड इथेच होते. विक्रेत्याला दोन्ही याद्यांकडून एकच गोष्ट हवी असते, ऑर्डर. आपल्याला वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळं हवं असतं, आणि काहींना तर आपणच काहीतरी द्यायचं असतं.

पाठपुरावा म्हणजे चिकाटी नव्हे, नमुना निवड

पण मग पाठपुरावा करायचाच कशाला? जे उत्तर देतील त्यांच्यावर भागवावं की! इथे थोडं थांबा, कारण तुमच्या संशोधन पद्धतीच्या पेपरातला एक मोठा मुद्दा यात आहे.

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. एवढा प्रचंड आकडा, तरीही भाकीत साफ चुकलं. लँडन जिंकतील असं म्हटलं आणि रुझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले. यादी मुळात खात्यापित्या लोकांकडे झुकलेली होती, हे एक कारण. ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते, हे दुसरं. या दुसऱ्या कारणाला आपण अप्रतिसादाचा कल म्हणतो.

आता हे गावात आणून बघा. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीतली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सगळ्यांना ठाऊक असते: नसबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि ही दोन. समजा तुम्ही चराईबंदीवर माहिती गोळा करताय. विहीर असलेला बागायतदार तुम्हाला लगेच वेळ देतो, कारण त्याच्या विहिरीचं पाणी वाढलेलं असतं. शेळ्या राखणारं कुटुंब मात्र सापडत नाही, फोन उचलत नाही. ज्याच्यावर बंदीचा भार पडला असण्याची शक्यता जास्त, नेमका तोच तुमच्या नमुन्यातून गळतो. तुमचा निष्कर्ष "चराईबंदीने सर्वांचा फायदा झाला" असा निघतो, आणि तो खोटा आहे की खरा, हे तुम्हाला सांगताच येत नाही.

म्हणजे पाठपुरावा हा स्वभावाचा भाग नाही, संशोधन पद्धतीचा भाग आहे. डॉन डिलमन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात टपाली सर्वेक्षणासाठी त्याचं वेळापत्रकच घालून दिलं. पहिल्या टपालानंतर एका आठवड्याने सगळ्यांना आभार आणि आठवण अशा दोन्ही अर्थांचं पोस्टकार्ड. तिसऱ्या आठवड्यात फक्त उत्तर न आलेल्यांना नवीन पत्र आणि प्रश्नावलीची दुसरी प्रत. सातव्या आठवड्यात शेवटचं पत्र, नोंद होणाऱ्या टपालाने. दोन गोष्टी बघा: प्रत्येक पत्राचा मजकूर वेगळा, आणि शेवट आधीच ठरलेला.

तीन याद्या करा

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी माझी यादी एकाच प्रश्नावर वेगळी केली: इथे कोण कोणाचं देणं लागतं? दोन नव्हे, तीन याद्या झाल्या.

पहिली यादी: जे कायद्याने उत्तर द्यायला बांधील आहेत.

इथे राळेगणसिद्धीचा थेट संबंध आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी मुंबईत आझाद मैदानावर उपोषण केलं, त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे केंद्राचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. पाठपुराव्याच्या नजरेने हा कायदा वाचून बघा. त्यात घड्याळ आहे:

- अर्ज केल्यापासून ३० दिवसांत माहिती अधिकाऱ्याने उत्तर द्यायचं.
- उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.
- त्यावर ३० दिवसांत निर्णय. कारणं नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवस.
- तिथेही समाधान झालं नाही, तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

"साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारत पुन्हा पुन्हा त्याच टेबलाशी उभं राहण्याऐवजी प्रत्येक पायरीवर पत्र वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, आणि प्रत्येक पत्र आधीच्या पत्राचा क्रमांक सांगतं. सरकारी कचेरीतलं आवक-जावक रजिस्टर म्हणजे या सगळ्याचा कणा.

ही यादी यंत्राकडे बिनधास्त सोपवा. अर्जाची तारीख टाका, पुढच्या सगळ्या तारखा शीट काढेल, मुदत संपायच्या आधी तुम्हाला मेल येईल. बहुतेक विद्यार्थ्यांचं अपील मुदतीबाहेर जातं ते आळसाने नाही, तारीख विसरल्याने. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत हवा, हेही लक्षात ठेवा. पाच विषय असतील तर पाच अर्ज, म्हणजे पाच घड्याळं. डोक्यात ठेवायचं काम नाही हे.

दुसरी यादी: जे तुमचं काहीच देणं लागत नाहीत.

अनोळखी प्राध्यापक, निवृत्त कृषी अधिकारी, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते. यांनी उत्तर दिलं तर उपकार, नाही दिलं तर तक्रार नाही. विक्रीवाल्यांची पद्धत थोडीफार चालते ती इथेच, तीही सांभाळून.

माझा नियम: पहिलं पत्र हाताने लिहायचं. त्यांचं कुठलं काम वाचलं, नेमका काय प्रश्न आहे, किती मिनिटं हवीत. यात साचा नको. साचा वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतो. त्यानंतर जास्तीत जास्त दोन स्मरणपत्रं, पहिलं आठ-दहा दिवसांनी, दुसरं तीन आठवड्यांनी. ही आपोआप गेली तरी चालतील. दुसऱ्याचा मजकूर साधारण असा:

"नमस्कार. याआधी ४ आणि १४ तारखेला आपल्याला लिहिलं होतं. आपल्या कामाच्या व्यापात वेळ नसेल हे मी समजू शकतो. यानंतर मी पुन्हा लिहून त्रास देणार नाही. या विषयावर दुसऱ्या कुणाशी बोलावं असं आपल्याला वाटत असेल, तर एका ओळीत नाव कळवलंत तरी मोठी मदत होईल."

पुन्हा लिहिणार नाही असं म्हटलंत, की खरंच लिहू नका. शीटमध्ये 'अप्रतिसाद' अशी नोंद करा. प्रबंधात ती लागणार आहे: किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं, न देणारे कोणत्या प्रकारचे होते. हा तक्ता देणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत निम्मी लढाई जिंकून बसतो.

तिसरी यादी: ज्यांचं देणं तुमच्याकडे आहे.

मुलाखत दिलेले लोक. विक्रेत्याच्या भाषेत जुने ग्राहक, पण इथे हिशोब उलटा आहे. त्यांनी वेळ दिला, चहा दिला, जुनी कागदपत्रं माळ्यावरून काढून दाखवली. आता त्यांना मजकूर तपासायला देणं, निष्कर्ष कळवणं, फोटो परत करणं हे आपलं काम. उशीर होत असेल तर तो आपला.

गुरुजींना मी स्मरणपत्रं पाठवत होतो, याचा अर्थ मी हे देणं त्यांच्या गळ्यात टाकलं होतं. मजकूर तपासून देणं हे माझ्या प्रबंधाचं काम होतं, त्यांचं नव्हे. आता तिसऱ्या यादीसाठी माझा नियम साधा आहे: स्मरणपत्र त्यांना जात नाही, मला येतं. "अमुक यांच्याशी शेवटचं बोलणं होऊन ४५ दिवस झाले. निष्कर्ष कळवायचा आहे." मग मी फोन करतो किंवा जाऊन येतो.

आता यंत्र: काय लागतं?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गुगल शीट आणि त्याला जोडलेलं अॅप्स स्क्रिप्ट पुरतं. स्क्रिप्टला रोज सकाळी एकदा चालायला सांगायचं. ते एकेक ओळ वाचतं, पुढच्या पत्राची तारीख आज आहे का बघतं, त्या मेलच्या साखळीत समोरून उत्तर आलंय का तपासतं, आणि आलं नसेल तरच पुढचं पाऊल टाकतं. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतात. आपल्या कामाला तेवढे खूप झाले.

माझ्या शीटमधले स्तंभ असे:

१. नाव आणि हाक मारायची पद्धत (सर, मॅडम, ताई, काका, गुरुजी)
२. यादी क्रमांक: १, २ की ३
३. पहिल्या पत्राची तारीख
४. पुढच्या पत्राची तारीख
५. उत्तर आलं का
६. शेवटचं बोलणं: कधी, कशावर (फोन, भेट, व्हॉट्सअॅप)
७. थांबा

सहावा आणि सातवा स्तंभ गुरुजींनंतर आले. 'थांबा'मध्ये काहीही लिहिलेलं असलं, एक टिंब जरी असलं, तरी स्क्रिप्ट त्या ओळीला हात लावत नाही. आणि संध्याकाळी डायरी लिहून झाली की पाच मिनिटं सहावा स्तंभ भरायचा. ही पाच मिनिटं टाळणार असाल, तर ऑटोमेशनच करू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

आणखी एक: स्क्रिप्टला मेल 'पाठव' असं न सांगता मसुदा तयार करून ठेव असं सांगता येतं. सुरुवातीचे दोन महिने तसंच करा. रोज सकाळी मसुदे वाचायचे आणि मग पाठवायचे. विसरभोळेपणावर इलाज यंत्राचा, शेवटची नजर आपली.

मराठीत हमखास होणाऱ्या चुका

इंग्रजी साच्यात नाव बदललं की काम झालं. मराठीत क्रियापद गळ्यात पडतं. "आपण म्हणाला होतात" की "म्हणाल्या होतात"? साचा एकच ठेवलात तर निम्म्या लोकांना चुकीचं पत्र जाणार. वाक्यच असं लिहा की प्रश्न येणार नाही: "आपल्याशी मार्चमध्ये बोलणं झालं होतं", "आपल्याकडून समजलं होतं की...". पहिल्या स्तंभातली हाकही म्हणूनच वेगळी ठेवली आहे. पासष्टीच्या बाईंना "प्रिय" आणि पहिल्या नावाने सुरू होणारं पत्र गेलं, तर पुढचं त्या कशाला वाचतील?

दुसरं, देवनागरी नावं. शीटमधून फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडली की कधी कधी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि एक्सेल ती वेगळ्या पद्धतीने वाचतंय, एवढंच कारण. तशीच जतन करून परत वर चढवलीत, तर मात्र नावं कायमची बिघडतात.

तिसरं, तारखा. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून. शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती ६ मे समजते. महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

चौथं, 'उत्तर आलं' म्हणजे काय? "मी रजेवर आहे" असं आपोआप आलेलं उत्तरही स्क्रिप्टला उत्तरच वाटतं, आणि पत्ता चुकल्याचा परतलेला मेलसुद्धा. आठवड्यातून एकदा 'उत्तर आलं' असलेल्या ओळी डोळ्यांखालून घाला.

पाचवं, मेल उघडला का हे कळवणाऱ्या सुविधा. मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवून त्या हे करतात. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये अशी चित्रं वाचकाने मेल न उघडताही आधीच उतरवली जाऊ शकतात, त्यामुळे आकडा भरवशाचा राहिलेला नाही. आणि भरवशाचा असता तरी, मुलाखतदात्याला न सांगता त्याच्यावर पाळत ठेवणं संशोधनात बसत नाही.

संमती एकदाच नाही

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. संशोधनासाठी या कायद्यात काही अटींवर सूट आहे, पण तिच्या आड लपू नका. प्रत्येक पत्राखाली एक ओळ लिहा: "पुढे पत्रं नको असतील तर फक्त 'नको' असं कळवा." आणि स्क्रिप्टला 'नको' ओळखायला शिकवा.

किती स्मरणपत्रं पाठवणार, हे नैतिकता समितीकडच्या अर्जातच लिहून टाका. नंतर मोह होतो तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. संपर्काची शीट आणि मुलाखतींची फाइल वेगवेगळी ठेवा. मधला दुवा फक्त सांकेतिक क्रमांकाचा.

आणि मेल न वाचणारं गाव

शेवटी, राळेगणसिद्धीसारख्या गावात हे सगळं कितपत चालतं? पहिल्या दोन याद्यांना चालतं. तिसऱ्या यादीतल्या बहुतेकांचा मेल म्हणजे मुलाने किंवा नातवाने फोनमध्ये उघडून दिलेलं खातं. तुमचं पत्र आधी तो वाचणार, हे गृहीत धरूनच लिहा.

या गावात १९७५ पासूनच्या कामामुळे बघायला, शिकायला, लिहायला येणारे कधीच कमी नव्हते. गावावर कौतुकाची पुस्तकं आहेत, चिकित्सा करणारे लेखही आहेत. तिथल्या माणसाला आपण पहिले संशोधक नसतो. म्हणून पुन्हा परत जाणं हेच तिथे सगळ्यात मोठं ओळखपत्र. आणि जाताना शेतीचं वेळापत्रक बघा. पेरणीच्या किंवा कांदा काढणीच्या दिवसांत वेळ मागू नका. माझ्या शीटमध्ये आता ते आठवडे रिकामे सोडलेले आहेत. त्या दिवसांत यंत्र मलाही आठवण करत नाही.

गुरुजींच्या मुलाला मी मेलने माफी मागितली नाही. फोन केला. मग त्यांच्या मुलाखतीची मोठ्या अक्षरांत छापलेली प्रत घेऊन गेलो. त्यांनी ती वाचली आणि दोन ठिकाणी ओढ्याचं नाव दुरुस्त करून दिलं. ते नाव मी चुकीचं ऐकलं होतं. तीन स्मरणपत्रांनी जे झालं नाही ते त्या दिवशी झालं, आणि प्रबंधाच्या नकाशात आज तो ओढा बरोबर नावाने आहे.

शीटमध्ये त्या ओळीपुढे 'थांबा' आहे. ओळ मी पुसलेली नाही.